मोंबासा–नैरोबी रेल्वे: पैसा चीनचा, सही केनियाची

६ नोव्हेंबर २०२२ रोजी केनियाचे तेव्हाचे वाहतूक मंत्री किपचुंबा मुर्कोमेन यांनी एक आठ वर्षे जुना कागद लोकांसमोर ठेवला. मोंबासा–नैरोबी रेल्वेसाठी चीनच्या एक्झिम (निर्यात-आयात) या सरकारी बँकेशी २०१४ साली झालेला हा कर्जकरार. तोवर रेल्वे धावायला लागून पाच वर्षे उलटली होती, हप्ते सुरू झाले होते, आणि हा करार पाहायला मिळावा म्हणून केनियातली माणसे कोर्टात जाऊन आली होती.

करारातली तीन कलमे वाचली की त्याचा स्वभाव कळतो. पहिले, कराराच्या अटी गोपनीय ठेवायच्या. बँकेच्या लेखी परवानगीशिवाय तिसऱ्या कुणालाही सांगायच्या नाहीत. दुसरे, कराराला चीनचा कायदा लागू आणि वाद झाला तर लवाद बीजिंगमध्ये. तिसरे, या पैशातून घ्यायचा माल प्राधान्याने चीनमधूनच घ्यायचा.

आपल्याकडे या रेल्वेबद्दल दोन टोकांचे बोलले जाते. एका बाजूला ‘चीनने कर्जात अडकवून मोंबासा बंदर घशात घातले’ असे व्हॉट्सअॅपवर फिरणारे संदेश, दुसऱ्या बाजूला ‘पाश्चात्त्यांनी शंभर वर्षांत केले नाही ते चीनने तीन वर्षांत करून दाखवले’ हे कौतुक. दोन्हींत केनिया हा देश नुसता पडून राहतो, जे काही करतो ते चीन करतो. मला हे प्रकरण तपशिलात मांडावेसे वाटते ते याच कारणाने. यातला प्रत्येक महत्त्वाचा निर्णय नैरोबीत, निवडून आलेल्या माणसांनी, आपले हिशेब करून घेतला आहे. चीनने त्यांना हवे ते, हव्या त्या वेळी आणि हवे तितके गुपचूप दिले. किंमत ज्यांनी मोजली ते मात्र त्या खोलीत नव्हते.

आधीचा रूळ

मोंबासाहून आत जाणारी पहिली रेल्वे ब्रिटिशांनी १८९६ मध्ये बांधायला घेतली. १८९९ मध्ये ती आज जिथे नैरोबी आहे त्या दलदलीच्या माळापर्यंत पोहोचली आणि १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत. नैरोबी शहर जन्मले ते या रेल्वेचा डेपो म्हणून. हा मीटर गेज रूळ टाकायला सुमारे ३२ हजार मजूर ब्रिटिश हिंदुस्थानातून नेले गेले, बहुतेक पंजाबातले. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. काही त्सावोच्या सिंहांनी खाल्ले, बाकीचे ताप, हगवण आणि अपघातांत गेले. पूर्व आफ्रिकेत तेव्हा चलन होते ते रुपया. परक्या सत्तेने, परक्या पैशाने, परके मजूर आणून बांधलेली रेल्वे हा अनुभव केनियाला नवा नाही.

स्वातंत्र्यानंतर ही रेल्वे आधी केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन देशांची मिळून होती. १९७७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय मोडला आणि वाटण्या झाल्या. मग देखभाल नाही, इंजिने नाहीत, वाघिणी नाहीत. २००६ मध्ये ती एका खासगी कंपनीला चालवायला दिली, तेही जमले नाही. २०१० नंतरच्या काळात मोंबासा बंदरात उतरणाऱ्या मालापैकी पाच टक्केही माल रेल्वेने जात नव्हता. उरलेला सगळा ट्रकने, एकाच महामार्गावरून, नैरोबी, कंपाला आणि पुढे किगालीपर्यंत. नवी रेल्वे हवी या मागणीत काहीच खोटे नव्हते. कशी हवी, केवढ्याची हवी आणि हे ठरवायचे कोणी, इथे घोडे अडायला हवे होते. अडले नाही.

सर्व्हे कोणी केला

ऑगस्ट २००९ मध्ये केनियाच्या वाहतूक खात्याने चायना रोड अँड ब्रिज कॉर्पोरेशन, म्हणजे सीआरबीसी, या चिनी सरकारी कंपनीशी सामंजस्य करार केला. कंपनीने रेल्वेचा व्यवहार्यता अभ्यास करायचा, तोही स्वखर्चाने. अभ्यास झाला, रेल्वे व्यवहार्य निघाली. २०१२ मध्ये केनिया रेल्वेने बांधकामाचे कंत्राट त्याच सीआरबीसीला दिले. खुली निविदा निघाली नाही. रूळ टाकून झाल्यावर गाड्या चालवण्याचे कामही २०१७ मध्ये त्याच कंपनीच्या उपकंपनीकडे गेले, तिचे नाव अफ्रिस्टार.

या साखळीतली पहिली कडी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष गेले. किती माल येईल, त्यातला किती रेल्वेकडे वळेल, भाडे किती बसेल, या अंदाजांवर कर्जाची परतफेड उभी असते. हे अंदाज ज्याला बांधकाम मिळणार त्यानेच केले. बोअरवेलच्या गाडीवाल्यालाच ‘इथे पाणी लागेल का’ असे विचारण्यासारखे ते झाले.

वेगळे मत उपलब्ध नव्हते असेही नाही. जागतिक बँकेने २०१३ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या गेजबदलावर टिपण काढले होते. जुना मीटर गेज दुरुस्त करणे हाच पैशाच्या हिशेबाने शहाणपणाचा मार्ग, नव्या रुळाला पुरेल इतका माल या भागात नजीकच्या काळात दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष. केनिया सरकारने तो बाजूला ठेवला. त्यामागे राष्ट्राभिमानही होता. वॉशिंग्टनमध्ये बसून आम्हाला जुन्या रुळावर भागवा म्हणणारे कोण, ही भावना मला समजू शकते. पण भावना खरी असली म्हणून मालाचा अंदाज खरा होत नाही.

‘स्टँडर्ड गेज’ म्हणजे १,४३५ मिलिमीटर रुंदीचा रूळ. आपल्या मुंबई आणि पुण्याच्या मेट्रोचा तोच. मोंबासा ते नैरोबी मुख्य मार्ग ४७२ किलोमीटर. एकेरी रूळ, डिझेल इंजिने, मालगाडीला ताशी ८० आणि प्रवासी गाडीला १२० किलोमीटरचा वेग. क्षमता सांगितली वर्षाला २.२ कोटी टन मालाची.

कर्ज कसे रचले होते

खर्च ३२७ अब्ज शिलिंग. त्यातले सुमारे ३.२३ अब्ज डॉलर चीनच्या एक्झिम बँकेचे, बाकी केनियाचे. हे कर्ज जवळजवळ निम्मे-निम्मे दोन भागांत आहे, आणि दोन भागांचा स्वभाव अगदी वेगळा.

१.६ अब्ज डॉलर सवलतीचे: दोन टक्के व्याज, वीस वर्षे मुदत, पहिली सात वर्षे मुद्दल नाही. उरलेले १.६३ अब्ज व्यापारी दराचे: सहा महिन्यांचा डॉलर लायबॉर (लंडनच्या बँका एकमेकींना कर्ज देताना लावत तो दर) अधिक ३.६ टक्के, पंधरा वर्षे मुदत, पाच वर्षे सूट. भाषणांत पहिल्या भागाचा उल्लेख व्हायचा. खरे ओझे दुसऱ्या भागात होते, कारण त्याचे व्याज तरते, म्हणजे बाजाराबरोबर वर-खाली होणारे, होते. २०२१ मध्ये लायबॉर जवळपास शून्यावर होता तेव्हा हा दर चार टक्क्यांच्याही खाली होता. अमेरिकेने व्याजदर वाढवले आणि २०२३ मध्ये तोच दर नऊ टक्क्यांच्या वर गेला. केनियात काहीही न घडता, वॉशिंग्टनमधल्या मध्यवर्ती बँकेच्या बैठकीने चिनी कर्ज दुपटीहून महाग झाले.

त्यावर चलनाचा मार. २०१४ मध्ये करार झाला तेव्हा डॉलरला साधारण ८७ शिलिंग पडत. जानेवारी २०२४ मध्ये १६० पडू लागले. रेल्वेची कमाई शिलिंगमध्ये, हप्ता तेव्हा डॉलरमध्ये. भाडे तेच, गाड्या तेवढ्याच, आणि हप्ता भरायला शिलिंग जवळपास दुप्पट.

परतफेडीची तजवीज मात्र कराराच्या आधीच करून ठेवली होती. जुलै २०१३ पासून केनियात येणाऱ्या आयात मालावर दीड टक्का ‘रेल्वे विकास अधिभार’ लागू झाला. कपडे, औषधे, सुटे भाग, सगळ्यांवर. ज्या माणसाने आयुष्यात या गाडीत पाय ठेवला नाही तोही दुकानातून काही घेताना तिचे पैसे भरतो. शिवाय बंदर प्राधिकरणाने रेल्वेला किमान माल देण्याची हमी दिली: ठरलेला माल आला नाही, तर तुटीचे पैसे बंदराने भरायचे. रेल्वेचे उत्पन्न आणि अधिभाराचा पैसा ठरावीक एस्क्रो खात्यातून जाणार, हप्ता आधी वळता होणार. कर्ज देणाऱ्याने स्वतःला चोख सुरक्षित केले होते, आणि कर्ज देणाऱ्याने तसे करावे यात गैर काही नाही. अधिभार भरणाऱ्याच्या बाजूने तितक्याच चोखपणे बोलणारे त्या टेबलावर कोणी नव्हते.

एक गोष्ट आपल्या माणसांसाठी नोंदवायला हवी. आपला माल घ्या, आपलीच कंपनी लावा, ही अट फक्त चीनची नाही. भारत सरकार आफ्रिकेला पतपुरवठा करते तो मुंबईत मुख्यालय असलेल्या आपल्या एक्झिम बँकेमार्फत, आणि त्यातही साधारणपणे किमान ७५ टक्के वस्तू-सेवा भारतातून घ्याव्या लागतात. केनियातल्या एल्डोरेट इथल्या रिवाटेक्स या कापड गिरणीला अशा पतपुरवठ्यातून सुमारे तीन कोटी डॉलर मिळाले. आकार कुठल्या कुठे लहान, घडण तीच. मोठे होऊ पाहणारा प्रत्येक देश आपल्या कारखान्यांना परदेशात गिऱ्हाईक शोधून देत असतो.

घाई कुणाची होती

मार्च २०१३ मध्ये उहुरू केन्याटा अध्यक्ष आणि विल्यम रुटो उपाध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा दोघांवरही २००७–०८ च्या निवडणुकोत्तर हिंसाचारासंबंधी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटले चालू होते. अमेरिका आणि युरोप हात राखून वागत होते. केन्याटांनी ऑगस्ट २०१३ मध्ये बीजिंग गाठले. तिथे सुमारे पाच अब्ज डॉलरचे करार झाले, रेल्वे त्यातच. नोव्हेंबरमध्ये मोंबासात भूमिपूजन. मे २०१४ मध्ये चीनचे पंतप्रधान ली कछियांग नैरोबीत आले आणि कर्जावर सह्या झाल्या. ज्या सरकारला जगातल्या मोठ्या राजधान्यांत उभे करून घ्यायला लोक कचरत होते, त्याला चीनने लाल गालिचा घातला.

उद्घाटन झाले ३१ मे २०१७ रोजी, ठरल्या मुदतीच्या सुमारे दीड वर्ष आधी. गाडीचे नाव मदाराका एक्स्प्रेस. मदाराका दिन म्हणजे १ जून, १९६३ मध्ये केनियाला अंतर्गत स्वराज्य मिळाले तो दिवस. ८ ऑगस्टला निवडणूक होती. केन्याटांच्या उद्घाटनाच्या गाडीचे सारथ्य चीनमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या केनियन महिला चालकांनी केले. ते दृश्य देशभर दाखवले गेले आणि लोकांना मनापासून आवडले. त्या अभिमानाला मी कमी लेखणार नाही. पण रेल्वे दीड वर्ष आधी पूर्ण व्हावी ही निकड बँकेची नव्हती आणि माल पाठवणाऱ्यांचीही नव्हती.

बदल्यात चीनला काय मिळाले? पोलाद, सिमेंट, इंजिने आणि अभियंत्यांना काम, पूर्व आफ्रिकेच्या दारात दिमाखदार नमुना, आणि मित्र सरकार. एप्रिल २०१६ मध्ये केनियाने फसवणुकीचे आरोप झालेल्या ४५ तैवानी नागरिकांना तैवानऐवजी चीनमध्ये पाठवले, तैवानच्या तीव्र निषेधाला न जुमानता. हे रेल्वेच्या मोबदल्यात झाले असे म्हणायला पुरावा नाही. दोन देशांतली जवळीक किती पुढे गेली होती हे मात्र त्यातून कळते.

एका कंटेनरचा प्रवास

रेल्वेचे यश-अपयश जमा-खर्चाच्या तक्त्यात शोधण्याआधी एका कंटेनरमागे जाऊन पाहावे.

समजा चीनमधून आलेला चाळीस फुटी कंटेनर मोंबासात उतरला. माल नैरोबीच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्याचा. ट्रकने न्यायचा तर बंदराजवळच्या खासगी यार्डात कस्टम्सचे काम होते, क्लिअरिंग एजंट कागद पुरे करतो, ट्रक निघतो आणि थेट कारखान्याच्या फाटकात उभा राहतो. माल उतरवून तोच ट्रक रिकामा कंटेनर घेऊन मोंबासाला परत येतो आणि जहाज कंपनीच्या यार्डात सोडतो. एक भाडे, एक जबाबदार माणूस.

आता रेल्वेने. बंदरातच कंटेनर वाघिणीवर चढतो. आठ-दहा तासांत नैरोबीच्या एम्बाकासी इथल्या आतल्या कंटेनर डेपोत पोहोचतो. हा भाग ट्रकपेक्षा नक्कीच वेगवान आणि सुरक्षित. मग डेपोत कस्टम्सची रांग. सुटका झाली की तिथून कारखान्यापर्यंत पुन्हा ट्रक, त्याचे वेगळे भाडे. माल उतरवल्यावर रिकामा कंटेनर मोंबासाला कोण पोचवणार, हा प्रश्न उरतोच, आणि उशीर झाला तर जहाज कंपनीचा दंड आयातदाराच्या डोक्यावर. आगगाडी वेगवान असूनही दारापासून दारापर्यंतचा हिशेब अनेकांना महाग पडला, तो या शेवटच्या टप्प्यामुळे.

आणि मग परतीची गाडी. केनिया चीनकडून वर्षाला काही अब्ज डॉलरचा माल घेतो आणि चीनला विकतो तो त्याच्या तुलनेत अगदी थोडा: चहा, अॅव्होकॅडो, खनिजे. ताज्या अॅव्होकॅडोला चिनी बाजार उघडला तोही २०२२ मध्ये. मोंबासाहून नैरोबीकडे चढणाऱ्या वाघिणी भरलेल्या असतात, उतरणाऱ्या बहुतांशी रिकाम्या. रेल्वेचे अर्थकारण दोन्ही दिशांच्या मालावर चालते. इथे व्यापारच एकतर्फी, म्हणून रेल्वेही अर्धीच कमावते. उद्घाटनाच्या आधी ‘देशाचे उत्पन्न दीड टक्क्याने वाढेल’ असे सरकार सांगत होते. नैरोबीहून मोंबासाला पाठवायला काय आहे, हे आधी विचारायला हवे होते.

२०२३ मध्ये मोंबासा बंदराने सुमारे ३.६ कोटी टन माल हाताळला. रेल्वेने नेला साधारण साडेसहा दशलक्ष टन. पाच टक्क्यांवरून पाचव्या-सहाव्या हिश्श्यापर्यंत येणे ही खरी प्रगती आहे. कर्ज ज्या आकड्यावर काढले होते त्याच्या जवळपासही मात्र ती नाही.

प्रवाशांच्या बाजूने चित्र खूप बरे आहे. बसला आठ-दहा तास लागत, गाडीला पाच. सणासुदीला तिकीट मिळत नाही. मोंबासाचे स्टेशन मिरितिनीला, बेटावरच्या शहरापासून लांब. नैरोबीचे स्योकिमाउला, तेही शहराबाहेर. सामान जमिनीवर ओळीत मांडून श्वानपथकाकडून तपासून घ्यावे लागते, मग आत सोडतात. तरीही लोक हीच गाडी निवडतात. जानेवारी २०२४ मध्ये दुसऱ्या वर्गाचे भाडे १,००० वरून १,५०० शिलिंग केले, तरी गर्दी हटली नाही. फक्त प्रवाशांच्या तिकिटांवर मालासाठी काढलेले कर्ज फिटत नसते.

मोंबासाचे सोमवार

माल आपणहून वळेना, तेव्हा तो वळवण्यात आला. नैरोबी आणि त्यापुढे जाणारा आयात माल रेल्वेनेच न्यावा असे दडपण २०१८ पासून वाढत गेले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये बंदर आणि कर प्राधिकरणाने तसा आदेशच काढला. माल नैरोबीत सोडवायचा म्हणजे मोंबासातले यार्ड, क्लिअरिंग एजंट, ट्रकचालक, क्लीनर, पंक्चरवाले, सगळ्यांचे काम एका फटक्यात आत सरकले. महामार्गावर मारियाकानी, वोई, मटिटो आंडेई अशी ट्रकच्या मुक्कामांवर वाढलेली गावे आहेत. तिथल्या खानावळी, लॉज, गॅरेजे ओस पडू लागली.

२०१९ च्या उत्तरार्धात मोंबासात दर सोमवारी निषेध मोर्चे निघू लागले. सरकारने आदेश मागे घेतल्याचे सांगितले, दडपण राहिलेच. नोव्हेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने हा आदेश बेकायदा ठरवला. २०२२ च्या प्रचारात रुटो यांनी बंदराचे काम मोंबासाला परत देण्याचे वचन दिले आणि १३ सप्टेंबरला अध्यक्षपदाची शपथ घेतली त्याच दिवशी ते जाहीर केले. रेल्वे सुरू झाली तेव्हा उपाध्यक्ष तेच होते.

या प्रकरणातला हा भाग मला सर्वांत जास्त टोचतो. माल कमी पडला तर बंदराने भरून द्यायचे, म्हणून बंदराने माल जबरदस्तीने वळवायचा, म्हणून ट्रकवाल्याच्या पोटावर पाय. बीजिंगमधल्या कुणीही मटिटो आंडेईची खानावळ बंद करा असे म्हटले नव्हते. मोठ्या कर्जाचा भार असाच उतरत उतरत सर्वांत कमजोर माणसापर्यंत येतो, आणि तो त्याच्यावर ढकलणारे हात आपल्याच सरकारचे असतात.

गाडीच्या आतही सगळे गोड नव्हते. जुलै २०१८ मध्ये नैरोबीच्या एका दैनिकाने केनियन कर्मचाऱ्यांना दुय्यम वागणूक मिळत असल्याची मालिका छापली. चौकशीच्या घोषणा झाल्या. पुढे हळूहळू तिकीटविक्री, सुरक्षा आणि मग इतर कामे केनिया रेल्वेकडे येत गेली. दरम्यान चालवण्याचा खर्च कमाईपेक्षा जास्त राहिल्याने अफ्रिस्टारला द्यायची थकबाकी साचली.

बंदर गहाण होते का

डिसेंबर २०१८ मध्ये केनियाच्या महालेखापरीक्षकांच्या कार्यालयातले एक पत्र फुटले. बंदर प्राधिकरणाने सार्वभौम संरक्षण सोडले आहे, कर्ज थकले तर बंदराची मालमत्ता धोक्यात येऊ शकते, असा त्याचा आशय. बातमी जगभर गेली. श्रीलंकेतले हंबनटोटा बंदर चिनी कंपनीकडे दीर्घ भाडेपट्ट्याने गेल्यामुळे आदल्याच वर्षी चर्चेत आलेले, त्यामुळे लोकांनी लगेच विश्वास ठेवला.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी नंतर कागदपत्रे तपासून २०२२ मध्ये सांगितले की मोंबासा बंदर गहाण नव्हते. बंदराने मालाची हमी दिली होती. कर्जदार केनियाचे सरकार होते. सार्वभौम संरक्षण सोडण्याचे कलम तर केनियाने न्यूयॉर्क-लंडनच्या बाजारात विकलेल्या रोख्यांतही असते. त्याचा अर्थ एवढाच की वाद झाला तर ‘आम्ही सरकार आहोत, आमच्यावर दावा चालत नाही’ असे म्हणता येणार नाही.

मग अफवा एवढी टिकली कशी? करार लपवला म्हणून. डिसेंबर २०१८ मध्येच केन्याटांनी पत्रकारांना करार दाखवण्याचे आश्वासन दिले होते; तो आला नाही. २०२१ मध्ये खेलेफ खलिफा आणि वांजिरू गिकोन्यो हे कार्यकर्ते माहितीच्या हक्कासाठी कोर्टात गेले आणि मे २०२२ मध्ये मोंबासाच्या उच्च न्यायालयाने करार उघड करण्याचा आदेश दिला. ओकिया ओम्ताता हे आणखी एक कार्यकर्ते त्याआधी २०१४ पासून वकील संघटनेसह निविदेविना दिलेल्या कंत्राटाविरुद्ध लढत होतेच. जून २०२० मध्ये अपील न्यायालयाने कंत्राट देण्याची पद्धत कायद्याला धरून नव्हती असे म्हटले. पण तोवर गाड्या धावत होत्या. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलट निकाल दिला: सरकार-ते-सरकार कर्जाच्या वाटाघाटीतून आलेले कंत्राट खरेदी कायद्यातून वगळलेले आहे.

त्या निकालाचा परिणाम खोल आहे. परदेशी सरकार कर्जासोबत कंत्राटदार घेऊन आले की देशाचा स्वतःचा निविदा कायदा गप्प बसतो. कर्ज घेणाऱ्या देशातल्या सत्ताधाऱ्यांना हे फार सोयीचे पडते. चीनच्या दारात रांग का लागते याचे एक उत्तर त्यात आहे.

नैवाशात संपलेला रूळ

पुढचा टप्पा नैरोबी ते नैवाशाजवळच्या सुस्वापर्यंत, १२० किलोमीटर, आणखी सुमारे दीड अब्ज डॉलर कर्ज. नैरोबी राष्ट्रीय उद्यानावरून सहा किलोमीटर लांबीचा पूल टाकून तो नेला. ऑक्टोबर २०१९ मध्ये उद्घाटन झाले. त्यापुढे किसुमू आणि युगांडाच्या सीमेवरचे मलाबा गाठायचे होते. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये बीजिंगच्या बेल्ट अँड रोड परिषदेतून केन्याटा पुढच्या टप्प्याचे पैसे न घेता परतले. चीन स्वतःच सावध झाला होता. आपला पैसा परत येईल का, हा प्रश्न आता त्यालाही पडू लागला होता. रूळ रिफ्ट खोऱ्यात थांबला, आणि तिथून पुढे शंभर वर्षांचा तोच मीटर गेज डागडुजी करून जोडला गेला. जागतिक बँकेने सुचवलेली दुरुस्ती शेवटी करावी लागलीच, पाच अब्ज डॉलर खर्चून झाल्यावर.

शेजारी यातून शिकत होते. युगांडाने चिनी कंपनीशी असलेला आपल्या मार्गाचा करार जानेवारी २०२३ मध्ये संपवला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मलाबा ते कंपाला मार्गासाठी तुर्कस्तानच्या यापी मेर्केझीशी २.७ अब्ज युरोचा करार केला. टांझानियाने दार-ए-सलामहून निघणारा विजेवर चालणारा मार्ग आधीच त्याच कंपनीकडे दिला होता. गिऱ्हाईकाला दुसरे दुकान असले की भाव करता येतो. २०१४ मध्ये नैरोबीला दुसरे दुकान शोधायचेच नव्हते.

केनियाच्या एकूण कर्जात चीनचा वाटा मोठा असला तरी तो सर्वांत मोठा नाही. जागतिक बँक आणि रोखेबाजाराचे देणे त्याहून जड आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जुने रोखे फेडायला केनियाने नवे रोखे काढले ते पावणेदहा टक्के व्याजाने. त्याच वर्षी जूनमध्ये करवाढीच्या विधेयकाविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, २५ तारखेला संसदेत घुसले, गोळीबारात माणसे मेली, आणि दुसऱ्या दिवशी रुटो यांनी विधेयक मागे घेतले. त्या करांचे खापर एकट्या रेल्वेवर फोडणे चूक ठरेल. पण ज्या कर्जांच्या व्याजासाठी ते कर हवे होते, त्यांत हे कर्ज होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केनियाने रेल्वेची डॉलरमधली तिन्ही चिनी कर्जे युआनमध्ये बदलून घेतली. अर्थमंत्री जॉन म्बादी यांच्या म्हणण्यानुसार व्याजात वर्षाला सुमारे २१.५ कोटी डॉलर वाचतील. चलनाची जोखीम राहिलीच, फक्त ती आता युआनची. चीनला मात्र जे हवे होते ते मिळाले: आफ्रिकेतला एक मोठा कर्जदार त्याच्या चलनात हप्ते भरणार. केनियालाही दिलासा खरा आहे, आणि ही बोलणी २०१४ पेक्षा निश्चित शहाणपणाने झाली.

एप्रिल २०२५ मध्ये रुटो बीजिंगला गेले तेव्हा नैवाशाहून किसुमू आणि मलाबाकडे रूळ नेण्याचे पुन्हा ठरले. या वेळी सगळा भार एका बँकेच्या कर्जावर नाही. केनियाचा स्वतःचा वाटा आयातीवरच्या त्याच रेल्वे अधिभारातून उभा करायची योजना आहे. मालाचा अंदाज या वेळी कंत्राटदाराऐवजी दुसऱ्या कुणाकडून करून घेणे आणि कराराची प्रत सहीआधी संसदेपुढे ठेवणे, या दोन गोष्टींसाठी बीजिंगची परवानगी लागत नाही. त्या नैरोबीच्या हातात आहेत, आणि २०१४ मध्येही होत्या.